लेकीच्या चार दाढा किडल्या आणि घरात खटला सुरू झाला

सुदामानगरची सून (रविवार, रात्री ११.१०)

मंडळी, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

लेक साडेपाच वर्षांची. गेल्या मंगळवारी रात्री दोन वाजता गाल धरून रडत उठली. लवंगेचं तेल, खांद्यावर घेऊन फेऱ्या, सगळं झालं. सकाळी दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छोटा आरसा आत घातला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. चार दाढा. दोन वरवर किडलेल्या, दोन आतपर्यंत पोचलेल्या. आतपर्यंत गेलेल्यांची नस साफ करायची आणि वर स्टीलची टोपी बसवायची.

घरी आले आणि खटला उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या चारही पोरांचे दात मोत्यासारखे होते हो." सासऱ्यांनी पेपर वर धरला. नवरा म्हणाला, "तू रात्री ब्रश करून घेत नाहीस का तिचा?" त्या वाक्यातला 'तू' अजून कानात आहे.

मी बँकेत. साडेनऊला निघते, परतायला सात वाजतात. शाळेतून आली की पोर आजी-आजोबांजवळ. ते दोघं आहेत म्हणून मी नोकरी करू शकते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच जीभ चावून बसलेय.

डॉक्टरांनी एक काम दिलं होतं. तीन दिवस, पाणी सोडून तोंडात जे जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. कालचा शनिवार असा गेला: सातला दूध, चॉकलेटची पावडर घालून. नऊला पोहे आणि आजोबांच्या ताटलीतली अर्धी जलेबी. साडेदहाला देवापुढची खडीसाखर. साडेअकराला शेजारच्या काकूंनी हातावर ठेवलेली गोळी. एकला जेवण. अडीचला "उगीच तोंडात टाकायला" क्रीमचं बिस्कीट. चारला आजोबांच्या चहात बुडवून दोन बिस्किटं. साडेपाचला खाली खेळताना आंब्याच्या सरबताचं पाकीट. सातला शुभंकरोति शहाण्यासारखं म्हटलं म्हणून पुन्हा खडीसाखर. साडेआठला तूप-गूळ-पोळी. दहाला साखर घातलेलं दूध, तेही पीत पीतच डोळा लागला.

अकरा वेळा. त्यात दुपारचं वरण-भाताचं जेवण सोडलं तर दहा वेळा गोड. आणि यात कोणाचीही वाईट इच्छा नाही! ताटलीतली अर्धी जलेबी म्हणजे आजोबांनी स्वतःच्या वाट्यातली दिलेली.

आता घरात हे सांगू कसं? बोट कोणाकडेच दाखवायचं नाहीये मला.

---

जिरावण मारके (रविवार, रात्री ११.४२)

ताई, इंदूरात राहून गोड कमी करा म्हणणं म्हणजे भर राजवाड्यावर उभं राहून शांतता पाळा म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडे सराफ्यातला खाऊबाजार उघडतोच मुळी सोनारांची दुकानं बंद झाल्यावर. पाहुणे आले की रात्री अकराला पोरांना घेऊन निघायचं, भुट्ट्याचा कीस, मग रबडी, मग मावाबाटी, आणि घरी येईपर्यंत पोरगं स्कूटरवर मध्येच झोपलेलं. त्या तोंडात रात्रभर काय चालत असेल याचा विचार आज तुमची यादी वाचून पहिल्यांदा केला. भिया, जरा घाबरलोच.

---

दाढवाला (सोमवार, सकाळी ७.०५)

मुलांचेच दात बघण्यात तीस वर्षं गेली, म्हणून जरा लांब लिहितो.

ताई, तुमच्या डॉक्टरांनी यादी करायला लावली, हे फार चांगलं केलं. लोक मला विचारतात, गोड किती चालेल? मी उलट विचारतो, किती वेळा? गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की दातांवरच्या थरातले जंतू त्याचं आम्ल करतात. तिथला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल धुते, गेलेला चुना हळूहळू परत भरते, पण त्याला अर्धा-पाऊण तास, कधी तासही लागतो. आता तुमची शनिवारची यादी पुन्हा बघा. लाळेला दिवसभरात उसंत कुठे आहे? त्यात झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणून रात्रीचं ते शेवटचं दूध सगळ्यात महाग पडतं. बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या बाळांचे वरचे पुढचे दात जातात आणि खालचे वाचतात, कारण खालच्यांवर जीभ पांघरूण घालून असते. असं तोंड दिसलं की आईने सांगायच्या आधीच मला त्या घरातली रात्र कळते.

हे नवीन ज्ञान नाही. स्वीडनमध्ये विपेहोल्म नावाच्या मतिमंदांच्या संस्थेत १९४५ नंतर काही वर्षं रुग्णांना मुद्दाम वेगवेगळ्या तऱ्हेने साखर देऊन बघितलं. आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, आणि देऊही नये. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भराभर किडले.

म्हणजे तुमची जलेबी निर्दोष सुटते. पोह्यांबरोबर खाल्ली ना, मग खाऊ द्या. गुन्हेगार आहेत ते अडीचचं बिस्कीट, साडेपाचचं सरबत आणि दहाचं दूध.

आणखी एक. "दुधाचेच तर दात, पडणारच आहेत" असं कोणी म्हटलं तर सांगा की दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. लवकर काढाव्या लागल्या की शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती दुधाचीच वाटते आणि कोणी लक्ष देत नाही. ती कायमची असते. तुमची लेक त्याच उंबरठ्यावर आहे.

---

जुनी इंदुरी (सोमवार, दुपारी १२.३०)

मी सासूबाईंच्या बाजूने लिहिणार आहे. रागावू नका.

आमच्या पोरांचे दात चांगले होते हे त्या खोटं नाही सांगत. पण ते आमच्या हुशारीने नव्हतं. रामबागेतल्या वाड्यात बिस्किटाचा पुडा पाहुणे आले तरच फुटायचा. पोरांना खाऊ म्हणजे मूठभर शेंगदाणे नाहीतर भाकरीचा तुकडा. जेवून उठलं की खळखळून चूळ भरल्याशिवाय स्वयंपाकघरातून कोणी बाहेर जाऊ देत नसे. चूळ कशाला, असं विचारायची सोय नव्हती. आणि खरं सांगू का, रात्रीचा ब्रश आम्हीही कधी केला नाही. ब्रश कुठला, राखुंडी होती.

त्याच वाड्यात माझ्या सासूबाई सकाळी मशेरी लावायच्या. तंबाखू भाजून, कुटून केलेली. मी माहेराहून नवी आले होते, दाढ दुखली तेव्हा त्यांनी मायेनेच माझ्या बोटावर ठेवली. सुटायला अकरा वर्षं लागली मला. तेव्हा घरातून काय काय मिळतं ते मला सांगू नका.

आता लाडाचं. आम्हाला नातवंडं मिळतात ती शाळा सुटल्यापासून तुम्ही येईपर्यंत. अभ्यास ट्यूशनवाली घेते, गोष्टी मोबाईल सांगतो. माझ्या हातात उरतो तो खाऊचा डबा. तो काढून घेणार असाल तर बदल्यात काहीतरी द्या, एवढंच म्हणणं आहे. "आजी, चूळ तूच भरून घ्यायचीस, आम्हाला जमत नाही" असं सुनेने म्हटलं असतं ना, तर मी पोराला तीनदा चूळ भरायला लावली असती.

---

सुदामानगरची सून (सोमवार, रात्री ९.५०)

काकू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना सासूबाई शेजारी बसून कोथिंबीर निवडत होत्या. वाचून दाखवावा असं वाटलं, धीर झाला नाही.

---

तर्कट (सोमवार, रात्री १०.१५)

सगळं ठीक, पण मूळ मुद्दा शिक्षणाचा. आई शिकलेली असेल तर मुलांचे दात चांगले, साधं गणित आहे. आयांचं प्रबोधन करा, बाकी आपोआप होईल.

---

पाटी पेन्सिल (सोमवार, रात्री ११.३०)

तर्कटराव, धागा काढणारी बाई बँकेत अधिकारी आहे. आणखी किती शिकायचं तिने?

मी सरकारी शाळेत शिकवते, वस्ती शाळेला लागूनच. दर वर्षी पहिलीच्या वर्गात तोंड उघडायला लावते. निम्म्या पोरांच्या दाढा काळ्या. देशभरचं चित्रही फार वेगळं नाही. दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली तेव्हा पाच वर्षांच्या मुलांत निम्म्यांच्या आसपास मुलांचे दात किडलेले निघाले होते. पण माझ्या वर्गातली कारणं तुमच्या घरातल्यासारखी नाहीत.

माझ्या वर्गातल्या एका पोराची आई सकाळी सहाला चार घरची भांडी घासायला निघते. जाताना मोठीच्या हातात पाच रुपये ठेवते. पाच रुपयांत पोट भरणारं काय मिळतं? बिस्किटाचा पुडा. तोच नाश्ता, तोच धाकट्याला गप्प करायचा उपाय. घरात ब्रश एक, भावंडं तीन. नळाला पाणी येतं तेव्हा आई हंडे भरणार की पोरांचे दात घासणार? त्या आईला दात घासायचे असतात हे माहीत नाही, असं समजू नका. तिची स्वतःची दाढ दोन वर्षं दुखतेय. दवाखान्यात जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते, आणि पोराला घेऊन जायचं तर दोन-तीन खेपा. मग दुखेल तेव्हा गोळी, सुजेल तेव्हा दवाखाना, आणि तोवर दात काढण्यापलीकडे काही उरलेलं नसतं.

दात दुखणारं पोरगं वर्गात कसं बसतं ते मी बघते. एका बाजूने चावतं, डबा अर्धा परत नेतं, फळ्याकडे बघत नाही. आम्ही शेरा मारतो, 'लक्ष नाही.'

सुपारीचं लिहायलाच नको. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. आता पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या मिळतात आणि विकत घेणारा त्या हातावर एकत्र करतो. बाप ते करताना आठ वर्षांचा मुलगा शेजारी उभा असतो. त्याच्यासाठी गोड सुपारीची एक पुडी.

आणि एक वेगळी गोष्ट. आधी माझी बदली झाबुआकडे होती. तिकडे काही पोरांच्या दातांवर तपकिरी डाग दिसायचे आणि नवे शिक्षक म्हणायचे, घासत नाहीत मेले. ते विहिरी-हातपंपाच्या पाण्यातलं जास्तीचं फ्लोराईड होतं. कितीही घासा, जात नाही. आपल्याला नळाला नर्मदा येते म्हणून तो प्रश्न आपल्या डोक्यातही येत नाही.

---

तर्कट (मंगळवार, सकाळी ८.२०)

मान्य. 'आयांचं' हा शब्द तरी मागे घेतो.

---

पीथमपूर लोकल (मंगळवार, सकाळी ९.०५)

या अख्ख्या धाग्यात बाप कुठे आहे, हे शोधत खाली आलो. नवऱ्याचं एक वाक्य, मग पेपर वर धरलेले सासरे, मग पुडी मळणारा बाप. बस?

मी कारखान्यात फिरत्या पाळीत आहे. मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा असाच खटला आमच्या घरी झाला आणि मी पण "तू करून घेत नाहीस का" हेच म्हटलं होतं. बायकोने ब्रश माझ्या हातात दिला आणि म्हणाली, एक आठवडा करून दाखव. पहिले तीन दिवस त्याने बोट चावलं. चौथ्या दिवशी एका सिस्टरने युक्ती सांगितली: समोर उभं राहून घासायचं नाही. आपण भिंतीला टेकून मांडी घालायची, त्याचं डोकं मांडीवर, तोंड वर. सगळ्या दाढा दिसतात, त्याला मान हलवता येत नाही. आता ती आमची गप्पांची जागा आहे. त्याला तोंड उघडं ठेवावं लागतं, त्यामुळे गप्पा मी एकटाच मारतो.

पहिल्या पाळीला असलो की रात्री मी, दुसऱ्या पाळीला असलो की ती. भिंतीवरच्या कालनिर्णयवर खूण करतो. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाला स्वतःला नीट घासता येत नाही, हे मला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, ब्रश धरला म्हणजे झालं.

---

खंडेराव रोडवरून (मंगळवार, दुपारी २.१०)

बडोद्याहून हजेरी. आमच्याकडे खाण्यापेक्षा भीतीची परंपरा मोठी. माझ्या आईची दाढ लहानपणी भूल न देता काढली होती. ती गोष्ट तिने आम्हाला प्रत्येक दातदुखीला रंगवून सांगितली. परिणाम: मी चाळिशीत तीन दात घालवून बसलो, आणि परवा मुलीला म्हणालो, "ऐकलं नाहीस तर दाताच्या डॉक्टरकडे नेऊन सुई टोचायला सांगेन." बोललो आणि आईचाच आवाज ऐकू आला.

---

दाढवाला (मंगळवार, रात्री १०.४०)

बडोदेकर, पहिला वाढदिवस व्हायच्या आत मुलाला एकदा दाताच्या डॉक्टरकडे न्या असं आम्ही सांगतो, ते याचसाठी. तेव्हा दुखत नसतं. खुर्ची वर-खाली होते एवढंच आठवणीत राहतं.

व्यक्तिगत निरोपात तीन-चार प्रश्न आलेत, इथेच सांगतो. पेस्ट: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, मग सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पसरलेली दाखवतात, ती पेस्ट विकण्यासाठी. फ्लोराईड असलेलीच घ्या, डब्यावर फ्लोराईडचा आकडा (पीपीएम) १०००च्या आसपास असावा. पुष्कळशा 'मुलांच्या' पेस्टमध्ये तो निम्माच असतो. घासून झाल्यावर थुंकायचं, पण भरपूर पाण्याने चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराईड धुऊन जातं. (जुन्या इंदुरी काकू, तुमची चूळ जेवणानंतरची. ती हजारदा भरा.) फ्लोराईड विष आहे हा निरोप मलाही महिन्यातून एकदा येतो. झाबुआच्या हातपंपातलं रोजचं, वर्षानुवर्षं पोटात जाणारं फ्लोराईड आणि थुंकून टाकायची वाटाणाभर पेस्ट यांत फरक आहे.

लाल मंजन बोटाने खसाखसा घासू नका, कवच झिजतं. मंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून कायद्याने बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीला कायदा काय करणार?

आईचा उष्टा चमचा बाळाच्या तोंडात गेला तर जंतू जातात का? जातात. पण ते घरातल्या कोणाकडूनही, कधी ना कधी जाणारच. चमच्यावरून सुनांना बोलणी बसलेली मी ऐकली आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो: चमचा सोडा, डबा बघा. आणि आईची स्वतःची किडलेली दाढ आधी भरून घ्या.

पाटी पेन्सिल बाई, तुमच्या वर्गासाठी: चांदी आणि फ्लोराईड असलेलं एक औषध दातावर नुसतं लावतात. सुई नाही, यंत्र नाही. कीड बरेचदा थांबते, तेवढा भाग काळा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. आपल्या शासकीय दंत महाविद्यालयात मुलांसाठी वेगळा विभाग आहे, खर्च खाजगीच्या मानाने फार कमी. रांग आहे, नाही म्हणत नाही.

---

सुदामानगरची सून (पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.२०)

धागा वर काढते, खुलासा राहिला होता.

धीर करून काकूंचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवलाच. मशेरीपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "रामबागेतली? कोण गं ही? आडनाव विचार." पुढचे दोन दिवस त्या रामबागेतल्या बायका आठवत होत्या, त्यात माझी यादी त्यांनी स्वतःच हातात घेतली. चष्मा लावून वाचली. साडेपाचच्या सरबतावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मी नाही देत." त्यावर पेपरच्या मागून आवाज आला, "मी देतो."

आता खडीसाखर बंद नाही, जागा बदलली. देवापुढची वाटी दुपारच्या जेवणानंतर येते आणि मग आजीच्या देखरेखीखाली चूळ. संध्याकाळच्या शुभंकरोतिला आजोबा गोष्ट सांगतात, रोज एकच, कंटाळवाणी आहे, पण तिला आवडते. रात्रीचं दूध जेवणाबरोबर, बिनसाखरेचं. पहिले चार दिवस रडारड झाली आणि त्यातल्या एका रात्री मीच हरले, साखर घातली. हेही लिहून ठेवते.

नवऱ्याला पीथमपूरवाल्यांचं मांडीवरचं तंत्र दाखवलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्याचे. आज शनिवार, आज विसरला होता. लेकीनेच ब्रश नेऊन हातात दिला.

खरी गंमत वेगळीच झाली. सासऱ्यांची कवळी आहे. ती ते सगळे झोपल्यावर मोरीत जाऊन, दिवा न लावता धुवायचे. लेकीने एकदा पकडलं. आता रोज रात्री ते कवळी घासतात, ती शेजारी स्टुलावर उभी राहून आपले दात घासते, आणि मग आम्हा दोघांत ज्याची पाळी असेल त्याच्या मांडीवर डोकं. परवा तिने विचारलं, "आजोबा, तुमचे दात उंदीरमामाने नेले का?" ते म्हणाले, "नाही गं, चहा-बिस्किटाने नेले." सासूबाईंनी आतून विचारलं, "काय म्हणालात?"

दोन टोप्या बसल्या. वर्गात सगळ्यांना तोंड उघडून दाखवून आली, चांदीचे दात म्हणून. कालची यादी सहावर आहे.

---

जिरावण मारके (शनिवार, रात्री १०.३५)

अभिनंदन ताई. टोपीचे किती पडले ते पण सांगा ना, आमच्याकडे परवापासून एकाने गाल धरलाय.